‘सहसा’ आणि ‘साहस’ : अविचारित कृतीच्या दोन शब्दांचा अर्थविचार

जुने लेख वाचतांना जे शब्द अगदींच अपरिचित असतात ते वाचकास फसवीत नाहींत. अशा शब्दापाशीं वाचक आपण होऊन थांबतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. फसवितात ते परिचयाचे शब्द. रोजच्या बोलण्यांतला शब्द जुन्या पानावर दिसला म्हणजे त्याचा आजचाच अर्थ त्या पानावर आहे असें आपण गृहीत धरतों, आणि शंकेला जागाच उरत नाहीं. ‘सहसा’ व ‘साहस’ ही जोडी अशा फसव्या शब्दांपैकीं आहे. दोन्ही शब्द मूळचे एकाच घरचे. दोहोंचाहि संबंध आगाऊ विचार न करतां केलेल्या कृतीशीं. आणि दोहोंचेहि आजच्या मराठींतील अर्थ जुन्या अर्थांपासून इतके दूर गेलेले कीं, एकाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला आहे व दुसऱ्याच्या बाबतींत निंदेच्या जागीं स्तुति आली आहे. हा पालट कसकसा घडला आणि इतिहासाचीं साधनें वाचणारास त्याचें भान कां हवें, हें पुढें मांडलें आहे.

(१) मूळ धातु आणि रूप

‘सह्’ या धातूचा वेदकाळचा प्रमुख अर्थ ‘जिंकणें, दडपणें, वरचढ होणें’ असा आहे. ‘सोसणें’ हा अर्थ त्याला पुढें जडला. शत्रूचा जोर अंगावर घेऊनहि जो उभा राहतो तोच अखेर वरचढ ठरतो, हा दोन अर्थांमधील दुवा होय. मराठींतील ‘साहणें’, ‘सहन’, ‘असह्य’ हे शब्द या दुसऱ्या अर्थाचे. जर्मन भाषेंतील ‘झीग’ म्हणजे विजय, हा शब्द पहिल्या अर्थाचा दूरचा भाऊबंद आहे. याच पहिल्या अर्थापासून ‘सहस्’ हें नाम झालें. त्याचा अर्थ बळ, जोर. ऋग्वेदांत अग्नीस ‘बळाचा पुत्र’ अशा अर्थाचें संबोधन वारंवार येतें. कारण अरणींचें जोरानें मंथन केल्यावांचून तो प्रकट होत नाहीं. या नामाला निंदेचा किंवा अविचाराचा स्पर्शहि नाहीं.

‘सहसा’ हें या नामाचें तृतीयेचें एकवचन. त्याचा सरळ अर्थ ‘बळानें’. पाणिनीनें सहाव्या अध्यायांत समासाचे नियम सांगतांना ‘ओजस्’, ‘सहस्’ इत्यादि चार शब्दांची तृतीया पुढें उत्तरपद आलें तरी लोपत नाहीं, असें म्हटलें आहे. म्हणजे ‘सहस्कृत’ असें न होतां ‘सहसाकृत’ असें रूप राहतें. या बारीकशा नियमांतून एक गोष्ट दिसते ती अशी, कीं पाणिनीच्या काळींच ‘सहसा’ हें रूप विभक्तीच्या चालू रूपासारखें न राहतां गोठूं लागलें होतें. विभक्तीचें रूप गोठलें म्हणजे तें अव्यय होण्याच्या वाटेस लागतें, आणि अव्यय झालें म्हणजे मूळ नामाशीं त्याचें नातें सुटून त्याचा अर्थ स्वतंत्रपणें चालूं लागतो. पुढें ‘सहसा’चें झालें तें हेंच.

पाणिनीचा दुसरा एक नियम याहून बोलका आहे. ओजानें वागतो तो ‘औजसिक’ व सहसानें वागतो तो ‘साहसिक’, असे शब्द त्यानें चौथ्या अध्यायांत साधले आहेत. नियम दोहोंस एकच. पण काशिकावृत्तीनें उदाहरणें देतांना औजसिक म्हणजे शूर आणि साहसिक म्हणजे चोर, असा भेद केला आहे. ओज आणि सहस् दोन्ही बळाचेच वाचक असतां एकाच्या पदरीं शौर्य व दुसऱ्याच्या पदरीं चोरी आली. काशिका सातव्या शतकाच्या आसपासची. तेव्हां त्या काळीं सुशिक्षितांच्या कानाला ‘साहसिक’ हा शब्द कसा लागत होता, याचा हा निर्विवाद पुरावा होय.

(२) ‘सहसा’ : बळापासून अविचारापर्यंत

जोरानें होणारी गोष्ट बहुधा एकदम होते. पूर लोटतो, दरड कोसळते, शत्रु तुटून पडतो. यांत जोर आणि आकस्मिकता एकत्रच असतात. म्हणून ‘बळानें’ या अर्थापासून ‘एकाएकीं’ हा अर्थ निघण्यास फारसें अंतर तोडावें लागलें नाहीं. एकाएकीं होणारी गोष्ट मनुष्याची कृति असेल, तर तिच्यामागें विचार झालेला नसतो, असें समजणें साहजिक होतें. तेथून तिसरा अर्थ आला : ‘विचार न करतां’. अमरकोशांत ‘सहसा’ हें अव्यय ‘अतर्कित’ म्हणजे ज्याचा अगोदर तर्क केलेला नाहीं, अशा अर्थीं दिलें आहे. मूळचें बळ तेथें कोशकारास सांगावेंसेंहि वाटलें नाहीं.

या तिसऱ्या अर्थाचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग भारवीच्या किरातार्जुनीयाच्या दुसऱ्या सर्गांत आहे. भारवीचें नांव ऐहोळे येथील रविकीर्तीच्या शके ५५६ (इ. स. ६३४) च्या लेखांत कालिदासाबरोबर आलें आहे. ज्या पुलकेशीला तो लेख तीन महाराष्ट्रकांचा व नव्याण्णव हजार गांवांचा स्वामी म्हणतो, त्याच्या दरबारींच भारवीची कीर्ति पोंचलेली होती. काव्यांतील प्रसंग असा, कीं द्रौपदी व भीम हे धर्मराजास वनवासाची मुदत न पाळतां कौरवांवर चालून जाण्यास सांगतात. धर्मराज कृति सहसा करूं नये, अविवेक हें आपत्तीचें घर आहे, अशा आशयाचें उत्तर देतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. धर्मराज युद्धाला नाहीं म्हणत नाहीं. विचारावांचून केलेल्या युद्धाला नाहीं म्हणतो. त्यानंतर व्यास येतात व अस्त्रें मिळविण्यासाठीं अर्जुनाला तपास पाठवितात, म्हणजे युद्धाची तयारीच सुरू होते. ‘सहसा’च्या विरुद्ध भ्याडपणा नसून विवेक आहे, हें कवीनें कथेच्या रचनेनेंच दाखविलें आहे.

(३) ‘साहस’ : शास्त्रांतील तीन अर्थ

‘सहस्’ पासून निघालेलें ‘साहस’ हें नाम मात्र निराळ्या वाटेनें गेलें. शास्त्रग्रंथांत त्याचे तीन ठळक अर्थ सांपडतात.

पहिला अर्थ धर्मशास्त्रांतला. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत साहस हें एक पद आहे. मनु व कौटिल्य या दोघांची व्याख्या मिळतीजुळती आहे : मालकाच्या किंवा रक्षकाच्या समक्ष, उघड, बळजबरीनें केलेलें कृत्य तें साहस, त्याच्या पाठीमागें केलें तर ती चोरी. नारदानें तर व्युत्पत्तीच सांगितली आहे. बळाच्या घमेंडीनें जबरीनें जें केलें जातें तें साहस, कारण सहस् म्हणजे बळ, असा त्याचा आशय. नारद त्याचे तीन वर्ग करतो. फळें, मुळें, पाणी, शेतीचीं अवजारें यांची नासधूस हें प्रथम साहस. वस्त्रें, गुरें, अन्नपाणी, घरगुती वस्तु यांविषयींचें तें मध्यम. विष किंवा शस्त्र यांनीं ठार मारणें, परस्त्रीवर बलात्कार, असलीं प्राणांवर बेतणारीं कृत्यें तें उत्तम साहस. साहसाच्या खटल्यांत साक्षीदारांच्या योग्यायोग्यतेची नेहमींची कसून पारख करूं नये, असें मनु सांगतो. कारण असें कृत्य घडतें तेव्हां जो जवळ असेल तोच साक्षी. शिव्या देणारा, चोर व काठीनें मारणारा या तिघांहून साहस करणारा अधिक पापी, असेंहि त्याचें मत आहे. राजानें त्याची क्षणभरहि उपेक्षा करूं नये, असा त्याचा सक्त इशारा आहे.

या व्याख्येंत ‘अविचार’ कोठेंहि नाहीं, ही गोष्ट महत्त्वाची आहे. महिनोन् महिने कट करून घातलेला दरोडा हेंहि साहसच, आणि भांडणाच्या भरांत केलेला खून हेंहि साहसच. आधुनिक फौजदारी कायद्यांत एकाएकीं झालेल्या तीव्र प्रक्षोभामुळें घडलेला मनुष्यवध व ठरवून केलेला खून यांत भेद केला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत तो होता, आणि २०२४ मध्यें तिच्या जागीं अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेंतहि तो कायम आहे. पण ‘साहस’ या जुन्या पदाचा कांटा त्या भेदावर फिरत नाहीं; तो उघडपणा व जबरी या दोहोंवर फिरतो. म्हणून स्मृतींतील ‘साहस’ याचें भाषांतर ‘अविचारानें केलेला गुन्हा’ असें करणें सर्वथा चुकीचें होय.

दुसरा अर्थ दंडाचा. गुन्ह्याचें नांव त्या गुन्ह्याच्या शिक्षेला मिळालें, आणि पुढें तें त्या शिक्षेच्या मापाला मिळालें. कौटिल्यानें प्रथम साहस ४८ ते ९६ पण, मध्यम २०० ते ५०० पण व उत्तम ५०० ते १,००० पण, असें ठरविलें आहे. मनूचे आंकडे २५०, ५०० व १,००० पण. याज्ञवल्क्याचे २७०, ५४० व १,०८० पण. अमरकोशांत ‘साहस’ हा शब्द ‘दम’ व ‘दंड’ यांचा पर्याय म्हणूनच येतो. अशा रीतीनें साहस हें दंडाचें एक माप होऊन बसल्यावर, ज्यांत बळाचा लवलेश नाहीं अशा अपराधांनाहि ‘प्रथम साहस’ किंवा ‘मध्यम साहस’ दंड सांगितलेला आढळतो. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत विज्ञानेश्वरानें लिहिलेली मिताक्षरा, आणि मूळच्या पैठणच्या पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें सतराव्या शतकांत रचलेला व्यवहारमयूख, हे दोन ग्रंथ महाराष्ट्रांतील शास्त्रीमंडळीस विशेष प्रमाण होते. दोहोंतहि साहसाचें प्रकरण आहे. ही परंपरा ध्यानांत घेतली म्हणजे शास्त्र्यांच्या लेखणींतून उतरलेल्या एखाद्या निवाड्यांत किंवा प्रायश्चित्तपत्रांत ‘उत्तमसाहस’ असा शब्द दिसल्यास त्याचा अर्थ ‘फार चांगलें धाडस’ असा न करतां ‘सर्वांत वरचा दंड’ असा करावा लागतो, हें वेगळें सांगावयास नको. येथें एका शब्दाच्या अर्थावर मनुष्य गौरविला गेला कीं दंडिला गेला, एवढा फरक पडतो.

तिसरा अर्थ वैद्यकांतला. चरकसंहितेंत राजयक्ष्म्याचीं चार कारणें सांगितलीं आहेत. त्यांत मलमूत्रादि वेगांचा निरोध, धातुक्षय व विषम भोजन यांच्या बरोबरीनें ‘साहस’ हें एक कारण आहे. आपल्याहून बलवान् माणसाशीं झुंजणें, न पेलणारें धनुष्य ओढणें, बेताबाहेर ओझें वाहणें, फार लांबवर पोहणें, अशा कृत्यांनी छातीस इजा होऊन रोग जडतो, असें तेथें वर्णन आहे. म्हणजे वैद्याच्या मतें साहस हें आपल्या बळाची मर्यादा ओलांडून केलेलें श्रम. सूत्रस्थानांत मल, मूत्र, शिंक इत्यादींचे वेग अडवूं नयेत असें सांगून, मनाचे, वाणीचे व शरीराचे जे वेग मात्र अडवावे असें सांगितलें आहे, त्यांतहि साहसाचा निर्देश आहे. धर्मशास्त्रांत दुसऱ्यावर चालविलेलें बळ हें साहस; वैद्यकांत स्वतःवर चालविलेलें बळ हें साहस. आपल्या शक्तीचा अंदाज न घेतां केलेली कृति हा जो आज आपल्याला ‘साहस’ शब्दांत जाणवणारा अर्थ, त्याचें बीज धर्मशास्त्रापेक्षां या वैद्यकांतील अर्थांत अधिक स्पष्ट आहे.

(४) निंदेपासून स्तुतीकडे

शास्त्रांत दंडनीय व अहितकारक ठरलेला हा शब्द काव्यांत आणि राजप्रशस्तींत मात्र भूषण होऊन बसला. या पालटाच्या वाटेवरील एक मजेचें ठिकाण शूद्रकाच्या मृच्छकटिकांत आहे. शर्विलक हा चारुदत्ताच्या घराच्या भिंतीस भोंक पाडून वसंतसेनेचे दागिने चोरतो आणि त्या बळावर आपली प्रिया मदनिका हिला दास्यांतून सोडवूं पाहतो. तूं आपला देह व चारित्र्य धोक्यांत घातलेंस, असें मदनिका म्हणते, तेव्हां लक्ष्मीचा वास साहसांत असतो अशा अर्थाचें उत्तर तो चौथ्या अंकांत देतो. हें वचन पुढें सुभाषितासारखें लोकांच्या तोंडीं झालें. पण तें मूळचें एका चोराचें समर्थन आहे, हें बहुतेकांच्या ध्यानांत राहिलें नाहीं. शिवाय शर्विलकाची चोरी ही स्मृतीच्या व्याख्येप्रमाणें साहस नव्हेच, कारण ती चोरून केलेली आहे. आणि ती अविचारानेंहि केलेली नाहीं, कारण भोंक कोणत्या आकाराचें पाडावें याचासुद्धां तो शास्त्रोक्त विचार करतो. येथें ‘साहस’ याचा अर्थ केवळ ‘जोखीम पत्करणें’ एवढाच उरला आहे. जोखीम पत्करण्यास धैर्य लागतें, आणि या धैर्याच्या बाजूनें शब्द वर चढला.

दख्खनच्या राजदरबारांत दहाव्या शतकापर्यंत तो पुरता वर चढलेला दिसतो. राष्ट्रकूट चौथा गोविंद याच्या खंबायत (शके ८५२, इ. स. ९३०) व सांगली (शके ८५५, इ. स. ९३३) येथील ताम्रपटांत एक श्लोक आहे. वडील भावाशीं क्रूरपणा न करतां, भावजयींविषयीं दुर्वर्तनाची अपकीर्ति न घेतां, केवळ दातृत्वानें व अनुपम साहसांनीं हा राजा ‘साहसांक’ झाला, असा त्याचा आशय. साहसांक हें विक्रमादित्याचें बिरुद. त्यामुळें या श्लोकांत गुप्तवंशी दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या व रामगुप्ताच्या कथेचा संदर्भ आहे, असें अनेक संशोधकांनीं दाखविलें आहे. आपल्या प्रस्तुत विषयाला महत्त्वाचें तें हें, कीं प्रशस्तिकारानें एकाच श्लोकांत क्रौर्य व दुर्वर्तन हीं साहसापासून अलग काढलीं आहेत. स्मृतींत खून आणि परस्त्रीवर बलात्कार हीं साहसाचींच अंगें होतीं. येथें तीं वगळून उरलेल्या साहसाची स्तुति केली आहे. ज्याचा इतका मुद्दाम इन्कार करावा लागला, त्याविषयीं लोकांत कुजबूज नसेलच, असें मात्र म्हणवत नाहीं. गोविंदाचा वडील भाऊ दुसरा अमोघवर्ष याची कारकीर्द अगदींच अल्पकालीन ठरली होती, हें इतिहासास माहीत आहे.

त्याच शतकाच्या अखेरीस कन्नड कवि रन्न यानें आपला आश्रयदाता चालुक्य सत्याश्रय याला भीमाच्या जागीं कल्पून जें गदायुद्धावरील काव्य रचलें, त्याचें दुसरें नांव ‘साहसभीमविजय’ असें आहे. माळव्याचा परमार राजा सिंधुराज याच्यावर पद्मगुप्तानें अकराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेलें काव्य ‘नवसाहसांकचरित’ या नांवाचें आहे. एकीकडे पंडित स्मृतींतील साहसाचे दंड मोजीत होते, आणि दुसरीकडे त्याच पंडितांचे बंधु राजाला साहसांक म्हणून गौरवीत होते. दोन्ही अर्थ एकाच काळीं, एकाच दरबारीं, बिनतक्रार नांदत होते. तेव्हां अमुक शतकापर्यंत निंदा व अमुक शतकापासून स्तुति, अशी रेषा ओढतां येत नाहीं. ग्रंथाचा प्रकार पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.

हा पालट एकट्या साहसाचाच झाला असेंहि नाहीं. ‘धार्ष्ट्य’ म्हणजे उद्धटपणा. त्याचेंच मराठींत ‘धारिष्ट’ झालें, आणि धारिष्ट हा गुण मानला जातो. उलट दिशेचें उदाहरण ‘आततायी’ या शब्दाचें. धनुष्य ताणून अंगावर येणारा तो आततायी. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन, शेत किंवा स्त्री हरण करणारा असे त्याचे सहा प्रकार स्मृतींत सांगितले आहेत, व स्वसंरक्षणार्थ त्याला मारण्यास मुभा दिली आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुन कौरवांना हाच शब्द लावतो तो या कायदेशीर अर्थानें. आजच्या मराठींत मात्र आततायी म्हणजे उतावळा, मागचापुढचा विचार न करणारा, एवढाच अर्थ उरला आहे. उगारलेलें शस्त्र गळून पडलें व उतावीळपणा तेवढा शिल्लक राहिला. गुन्ह्याचे दोन जुने शब्द अविचाराच्या क्षेत्रांत येऊन मिळाले. त्यांतील एक तेथून पुढें गौरवाकडे गेला, दुसरा तेथेंच थांबला.

(५) मराठींतील ‘सहसा’

आतां ‘सहसा’कडे वळूं. हिंदींत हा शब्द अद्याप ‘एकाएकीं’ याच अर्थानें चालतो. मराठींत मात्र ‘तो सहसा कोणाकडे जात नाहीं’, ‘या दिवसांत सहसा पाऊस पडत नाहीं’ अशीच त्याची ठेवण आहे. येथें अर्थ ‘बहुधा’, ‘सामान्यतः’. जो शब्द अनपेक्षित गोष्टीचा वाचक होता तो नेहमींच्या गोष्टीचा वाचक झाला. इतका विपरीत पालट होण्याचें कारण नकारांत आहे, असें माझें मत आहे.

‘सहसा उधार देऊं नये’ हें वाक्य पाहा. याचा जुन्या पद्धतीचा अर्थ ‘विचार केल्यावांचून उधार देऊं नये’. पण ऐकणारा व्यवहारांत काय समजतो? विचार केल्यावर बहुतेक वेळां उधार न देणेंच बरें असें ठरतें. तेव्हां त्याच्या लेखीं उपदेश ‘शक्यतों उधार देऊं नये, प्रसंगच आला तर द्यावें’ असा होतो. दोन्ही अर्थांनीं वागणूक एकच. उपदेशाच्या व निषेधाच्या वाक्यांत हा शब्द वारंवार येऊं लागला म्हणजे पुढल्या पिढीच्या कानाला दुसरा अर्थच मूळचा वाटूं लागतो. ‘सहसा कोणी असें करीत नाहीं’ या वाक्यांत प्रथम ‘विचार न करतां कोणी असें करीत नाहीं’ हा अर्थ, मग ‘सहजासहजीं कोणी करीत नाहीं’ हा अर्थ, आणि शेवटीं ‘बहुधा कोणी करीत नाहीं’ हा अर्थ, अशा पायऱ्या लागतात.

मधली पायरी कल्पनेची नव्हे, हें दुसऱ्या एका शब्दावरून दिसतें. ‘एकाएकीं’ हा शब्द होकारी वाक्यांत आजहि ‘अचानक’ याच अर्थाचा आहे. पण ‘तो एकाएकीं कबूल व्हायचा नाहीं’ या वाक्यांत त्याचा अर्थ ‘सहजासहजीं’ असा होतो. म्हणजे ‘एकाएकीं’ हा शब्द ज्या पायरीवर आज उभा आहे, ती पायरी ‘सहसा’नें ओलांडली, इतकेंच. ‘सहज’ व ‘सहसा’ यांच्या उच्चारांतील सारखेपणामुळें ते एकाच मूळचे असावेत असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ‘सहज’ म्हणजे बरोबर जन्मलेलें, उपजत; त्याचा ‘सहस्’शीं कांहीं संबंध नाहीं. तथापि ‘सहज आलों होतों’ यांतील हेतुरहितपणा व ‘सहसा’तील अविचार यांचें अंतर बोलणाऱ्याला फारसें वाटलें नसेल, आणि त्या सारखेपणानें अर्थ सौम्य होण्यास हातभार लावला असेल, हें संभवनीय आहे.

अलीकडे ‘आम्ही सहसा सकाळींच निघतों’ अशीं नकाराविरहित वाक्येंहि ऐकूं येतात. येथें पालट पूर्ण झाला. ज्या नकाराच्या आधारानें नवा अर्थ उगवला, त्याची गरजहि राहिली नाहीं. याचा व्यावहारिक परिणाम भाषांतरकारांस भोगावा लागतो. हिंदी वाक्यांतील ‘सहसा’ जशाचा तसा मराठींत ठेवला, तर ‘एकाएकीं वारा सुटला’ याचें ‘बहुधा वारा सुटतो’ असें होऊन बसतें. संस्कृत ग्रंथांच्या मराठी भाषांतरांतहि तोच धोका आहे. धर्मराजाच्या उपदेशाचें भाषांतर करतांना ‘सहसा’ तसाच ठेवला तर तो उपदेश ‘शक्यतों कृति करूं नये’ असा, म्हणजे आळसाचा, होईल. आणि वर दाखविल्याप्रमाणें तो कवीच्या मनांतील अर्थाच्या अगदीं उलट आहे.

‘साहस’ शब्दाची मराठींतील स्थिति निराळी आहे. ‘उगाच साहस करूं नका’ यांत जुनी सावधगिरी जिवंत आहे. ‘साहसकथा’, ‘साहसी खेळ’ यांत निव्वळ कौतुक आहे. कौतुकाचा अर्थ इतका बळावला, कीं निंदा करावयाची तर ‘दुःसाहस’ असा वेगळा शब्द योजण्याची पाळी आली. मूळ शब्दांतच जो दोष होता तो दाखविण्यासाठीं आतां उपसर्ग जोडावा लागतो.

(६) इतिहासलेखनास याचा उपयोग

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर त्याला इतकीं पानें खर्चणें योग्य नव्हतें. पण ‘साहस’ हा शब्द इतिहासलेखकाच्या हातांत निर्णयाचें काम करतो. एखाद्या कृतीला साहस म्हटलें कीं ती वाखाणली जाते, आणि त्याच वेळीं तिच्यामागें योजना नव्हती असेंहि न कळत सुचविलें जातें. मराठ्यांच्या इतिहासांतील दोन प्रसंग घेऊं.

५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजीमहाराजांनीं पुण्याच्या लाल महालांत शिरून शाएस्तेखानावर घाला घातला. खानाचीं बोटें तुटलीं, व पुढें त्याची बंगालच्या सुभ्यावर रवानगी झाली. या प्रसंगास साहस म्हणण्याचा परिपाठ आहे. पण रात्र रमजानची होती, म्हणजे दिवसभराच्या उपासानंतर जेवणें करून पहारेकरी सुस्तावण्याची. महाल महाराजांच्या बाळपणापासून पायाखालचा. आणि राजापुराहून त्याच महिन्यांत लिहिलेल्या इंग्रजांच्या पत्रांत, महाराजांनीं स्वतः पाठविलेल्या हकीकतीच्या आधारें, निवडक ४०० माणसें बरोबर होतीं व कांहीं निमित्त सांगून आंत प्रवेश मिळविला, असें नमूद आहे. निवड, वेळ, जागा व बहाणा या चारी गोष्टी आधीं ठरल्यावांचून जमत नाहींत. येथें जोखीम अपार होती; अविचार तिळमात्र नव्हता. शर्विलकाच्या अर्थानें हें साहस, धर्मराजाच्या अर्थानें ‘सहसा’ केलेली कृति मात्र नव्हे.

उलट २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीजवळ सरनोबत प्रतापराव गुजर मूठभर स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व ठार झाले. आदल्या वर्षीं उंबराणीस हातीं आलेल्या खानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनीं त्यांस दोष दिला होता, व तो त्यांच्या जिव्हारीं लागला होता. येथें शौर्य निःसंशय आहे. पण सेनापतीच्या कर्तव्याच्या दृष्टीनें पाहतां बळाचा अंदाज न घेतां केलेली ती कृति होती, म्हणजे चरकाच्या अर्थानें, स्वतःच्या बळाबाहेर जाऊन केलेलें साहस. दोन्ही प्रसंगांना आपण एकच शब्द लावतों, आणि त्या योगें पहिल्यांतील बुद्धीवर पडदा पडतो व दुसऱ्यांतील हानीवरहि पडदा पडतो. राज्याभिषेकास अवघे साडेतीन महिने उरले असतां राज्यानें आपला सरनोबत गमावला, ही गोष्ट त्या शब्दाच्या तेजांत दिसेनाशी होते. वीराच्या स्मृतीस त्यानें कमीपणा येत नाहीं. इतिहासाला मात्र स्पष्टपणा येतो.

म्हणून जुन्या लेखांत हे शब्द आढळले असतां तीन प्रश्न विचारावे. पहिला, लेख कोणत्या प्रकारचा आहे : निवाडा, वैद्यक, प्रशस्ति कीं साधी बातमी? निवाड्यांत ‘साहस’ हा गुन्हा किंवा दंड असण्याचा संभव मोठा. प्रशस्तींत तो गौरव. दुसरा, ‘सहसा’च्या जोडीस नकार आहे कीं नाहीं, आणि असल्यास ‘विचार न करतां’ हा अर्थ तेथें लावून वाक्य बसतें कीं नाहीं? बसत असेल तर जुना अर्थच आधीं पतकरावा, ‘बहुधा’ हा अर्थ दुसऱ्या खेपेस. तिसरा, लेखक ज्या कृतीला साहस म्हणतो, तिची पूर्वतयारी इतर साधनांवरून दिसते काय? दिसत असेल तर त्याचा शब्द कृतीच्या जोखमीविषयीं आहे, योजनेच्या अभावाविषयीं नाहीं.

सारांश, ‘सहस्’ या बळवाचक शब्दापासून निघालेलें अव्यय ‘बळानें, एकाएकीं, अविचारानें, सहजासहजीं, बहुधा’ या क्रमानें उतरत आलें, आणि त्यापासूनचें नाम ‘जबरीचा गुन्हा, त्याचा दंड, बेताबाहेरचे श्रम, जोखीम, पराक्रम’ या अर्थांत पसरलें. अविचार हा दोहोंचा मधला मुक्काम आहे. आरंभ नव्हे व शेवटहि नव्हे. जुन्या कागदावरील शब्द या प्रवासांत कोणत्या मुक्कामीं होता हें ठरविल्यावांचून त्यावर अनुमान उभारूं नये. निदान अनुमान तरी सहसा करूं नये. आणि येथें ‘सहसा’ हा शब्द जुन्या अर्थानें घ्यावा.